दाटीची सूट

"माणसं कमी पडतायत," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या.

"काय?" म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला. त्याचं सारं आयुष्य पत्र्याचे डबे ठोकण्याच्या कारखान्यात गेलं होतं. कान तिथेच राहिले होते.

"माणसं, काका. तुमच्या गल्लीत कमी पडतायत." बाई आता मोठ्यानं बोलू लागल्या. "नवा नियम आलाय. प्रत्येक इमारतीभोवती मोकळी जागा हवी. इथे ती करायची म्हणजे निम्म्या खोल्या पाडायच्या. फक्त जिथे हेक्टरमागे हजारावर माणसं राहतात, तिथे सूट आहे. एवढ्यांना हलवणार कुठे, म्हणून. तुमची गल्ली त्यात बसत नाही. संध्याकाळी मला आकडा द्यायचाय."

म्हाताऱ्यानं भिंतीकडे बघितलं. तिला निळा रंग बायकोनं दिला होता, स्टुलावर चढून, त्याचं न ऐकता. ती जाऊन वर्ष व्हायचं होतं. भिंत गेली की तिच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

"म्हणजे माणसं जास्त असली तर चांगलं?" त्यानं विचारलं.

"या वेळी चांगलं."

म्हाताऱ्याला हसू आलं. गल्ली आजवर नेमकं उलटं शिकली होती. पूर्वी कार्यालयाची माणसं यायची, ती एका खोलीत जास्त माणसं राहतात म्हणून दंड करायला. तेव्हापासून दारावर अनोळखी थाप पडली की निम्मी गल्ली गायब व्हायची. कोणी गच्चीवर, कोणी कॉटखाली. उरलेले सांगायचे, आम्ही दोघं आणि एक मूल. आजही त्यांनी तेच सांगितलं होतं. गल्ली वाचवायची सवय आज गल्लीच्याच मुळावर आली होती.

तो उंबऱ्याबाहेर आला.

"सगळे बाहेर या," तो ओरडला. "बाई दंड करायला आलेल्या नाहीत. मी विचारलंय."

समोरच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं. शिंपीण दारात आली. "काल जास्त म्हणून दंड, आज कमी म्हणून हातोडा. हे कार्यालय आहे की सासू?"

"ये बाहेर, मग बोल."

तिनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. या माणसाच्या तोंडून कोणी कधी खोटं ऐकलं नव्हतं. तिनं मागे वळून पडदा सरकवला. तिच्या मागून तिची जाऊ आली, जावेची दोन मुलं आली, अंगठ्याला दोरा गुंडाळलेल्या दोन मुली आल्या आणि रात्रपाळी करून झोपलेला कोणीतरी पुरुष डोळे चोळत आला.

मग दारं उघडत गेली. जिन्याखालून एक कुटुंब निघालं, सासऱ्यासकट. लाँड्रीतल्या कपड्यांच्या ढिगामागून तिघं भाऊ उठले. जिथे फक्त भिंत आहे असं म्हाताऱ्याला वाटायचं, तिथली फळी सरकली आणि एक बाई तान्हं घेऊन उन्हात आली. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं एकमेकांना पहिल्यांदा बघत होती. "अगं, रोज खोकते ती तूच का?" कोणीतरी म्हणालं. गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मोजणीवाल्या बाई मोजत मोजत मागे सरकल्या आणि शेवटी म्हाताऱ्याच्या पायरीवर चढून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या लिहायचंच विसरल्या होत्या.

मग त्यांनी बेरीज केली. दोनदा केली.

"थोडक्यात राहतंय," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी थोडक्यात."

शिंपिणीनं मान वर केली.

"उतरा आता," तिनं हाक मारली. "गल्ली जाईल. काकांना काय वाटायचं ते वाटू दे."

"कोणाला हाक मारतेस?" म्हाताऱ्यानं विचारलं. ती त्याच्याच खोलीच्या वर बघत होती. तिथे माळा होता. मागच्या बोळातून त्याला शिडी होती. शिडी कुजलीय, वर चढायचं नाही, असं बायकोनं त्याला बजावलं होतं. तो कधी चढला नव्हता.

बोळातून एक तरुण बाई आली. तिच्या कडेवर मूल होतं. मागून तिचा नवरा आला, त्याच्या हाताला धरून त्याची आई.

"काकूंनी ठेवलंय आम्हाला," ती खाली बघत म्हणाली. "काकांना सांगायचं नाही म्हणाल्या. कोणी विचारलं तर त्यांना खोटं बोलता येणार नाही."

"कधीपासून?"

"हा इथेच झाला." तिनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मूल चांगलं तीन वर्षांचं होतं. "बाळंतपण काकूंनीच केलं. त्या गेल्या तेव्हा आम्ही वर बसून रडलो. खाली यायची सोय नव्हती."

म्हाताऱ्यानं वर माळ्याकडे बघितलं. तीन वर्षं. त्याच्या डोक्यावर. तो जेवत होता, झोपत होता, बायको गेल्यावर गुडघ्यात डोकं घालून बसत होता, तेव्हा वर एक घर नांदत होतं. मूल त्याच्याकडे बघून हसलं. फळ्यांच्या फटीतून म्हाताऱ्याचा चेहरा त्यानं रोज बघितला असणार.

"हे तुमचे भाडेकरू?" मोजणीवाल्या बाईंनी विचारलं.

"नाही. घरचे."

बाईंनी चौघांना लिहून घेतलं. पुन्हा बेरीज केली. त्यांच्या चेहऱ्यावरूनच गल्लीला आकडा भरल्याचं कळलं, पण ओरडलं कोणीच नाही. सगळे म्हाताऱ्याकडे बघत होते.

"कुटुंबप्रमुख म्हणून तुमचंच नाव ना?" बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

"बायकोचं लिहा," तो म्हणाला. "घरात कोण कोण आहे, ते मला तर आत्ता कळतंय."