खुळखुळा

"हलवून बघ," बाबा म्हणाले आणि त्यांनी खेळातल्या बंदुकीचं मॅगझीन पुढे धरलं.

नव्याने खेळायला आलेल्या मुलीने ते हलवलं. आत प्लॅस्टिकचे छर्रे खळखळले. बाकीची पोरं हसली.

"हे हायकॅप. आत मोठा कप्पा असतो. डब्यात गोट्या ओताव्यात तसे छर्रे नुसते ओतायचे, शेकड्यांनी मावतात. पण ते आपले आपण वर चढत नाहीत. तळाचं हे चाक फिरवायचं. स्प्रिंगला पीळ बसतो आणि छर्रे एकेक करून नळीत जातात. पीळ संपला की बंदूक मुकी. मग पुन्हा चाक."

"पण पळताना वाजेल की हे!"

"वाजणारच. छर्रे मोकळे आहेत ना." बाबांनी टेबलावर हात फिरवून दुसरं मॅगझीन उचललं. "हे मिडकॅप. यात छर्रे नागमोडी रांगेत बसतात आणि लांब स्प्रिंग त्यांना मागून दाबून धरते. चाक नाही, आवाज नाही. मावतात मात्र कमी, आणि भरायला चिकाटी लागते."

बोलता बोलता त्यांची बोटं ते भरतही होती. नजर समोर कुठेतरी झाडांकडे. त्यांचा थोरला मुलगा कुंपणाला टेकून बघत होता. ते मिडकॅप कोणासाठी भरलं जातंय, हे त्याला ठाऊक होतं.

धाकटीसाठी. दर रविवारी धाकटीसाठीच.

लुटुपुटीच्या लढाईचं, म्हणजे एअरसॉफ्टचं, ते मैदान बाबांचं, बंदुका बाबांच्या, कोणाला काय द्यायचं तेही बाबाच ठरवायचे. दोघा भावंडांच्या बंदुका अगदी एकसारख्या. पण धाकटीला, बाकी सगळ्यांनाही, मिडकॅप आणि एकट्या थोरल्याला हायकॅप. एकदा तो स्वतःच्या पैशाने मिडकॅप घेऊन आला, तर बाबांनी ते काढून घेतलं. "तू हेच वापर," एवढंच म्हणाले.

"काय रे खुळखुळ्या," मागून बोका आला. संघातला हा सगळ्यात जाडा गडी. "बाळ निजलं का पाळण्यात?"

"गप रे."

"चिडतोस काय? आज लाल पट्टी मिळायचीय. खेळ संपला की बाबा कॅप्टन ठरवणार."

"ठरलाय आधीच. धाकटी."

"कशावरून?"

थोरल्याने हायकॅपचं चाक करकर फिरवलं. तो कामासाठी दुसऱ्या गावी राहायचा आणि रविवारी परस्पर मैदानावर यायचा. धाकटी मात्र बाबांना गाडीतून घेऊन यायची. स्वतः चालवत! त्याला बाबांनी त्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नव्हता. आता धाकटी त्यांचा दंड धरून चालायची, सारखी कानाशी काहीतरी कुजबुजायची. आणि तो खेळायला लागला की बाबा बाकड्यावर मान कलती करून, खाली बघत बसायचे. मुलाचा खेळ बघवत नसल्यासारखे.

हा सल आजचा नव्हता.

शिट्टी व्हायच्या जरा आधी धाकटी बाबांसाठी पाणी आणायला गेली. तिचं जॅकेट खुंटीला होतं, खिशात मिडकॅप. थोरल्याने इकडेतिकडे पाहिलं. मिडकॅप काढलं, आपलं हायकॅप हळूच तिच्या खिशात सरकवलं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसायची.

'वाजव आता तू,' तो मनात म्हणाला. 'बघू दे त्यांना लाडकीची कशी शिकार होते ते.'

धाकटी धावत आली, घाईघाईने जॅकेट चढवलं, मुखवटा ओढला. शिट्टी झाली. तिने पाऊल टाकलं आणि खिसा खळखळला.

ती थबकली. आधी तिने थोरल्याकडे पाहिलं, मग वळून बाबांच्या बाकड्याकडे. परत जायला तिने पाऊल उचललं होतं. पण खेळ सुरू झाला होता. तिने मॅगझीन बंदुकीत चढवलं आणि ती पळत सुटली.

मग जे व्हायचं तेच झालं. तो आवाज ऐकून समोरचा संघ तिच्या मागे लागला. ती पिंपांच्या आडून टायरांच्या ढिगामागे, तिथून खंदकात, खळखळ करत मैदानभर पळत राहिली.

आणि थोरला? त्याचा श्वाससुद्धा कोणाला ऐकू आला नाही. सगळ्यांची तोंडं तिकडे, हा इकडून. लाकडी भिंतीच्या कडेकडेने तो सरपटत गेला, दोन पहारेकऱ्यांना पाठीमागून बाद केलं आणि समोरच्यांचा झेंडा उपटून घेतला. इतका सुरेख खेळ तो आजवर कधी खेळला नव्हता.

झेंडा उंच धरून त्याने बाकड्याकडे पाहिलं.

बाबा उभे होते! मुठी आवळून ओरडत होते, "असंच! पळ! थांबू नकोस!" पण त्यांचं तोंड खंदकाकडे होतं. जिथून धाकटी पळत होती तिकडे.

थोरल्याचा हात खाली आला. आपण झेंडा आणला तरीही तीच.

शेवटची शिट्टी झाली. दोघं बाकड्याकडे निघाली. धाकटी पुढे, पावलागणिक खळखळत. तिने मुखवटा काढला होता. चेहरा लालबुंद, वेणी सुटलेली. तिच्या मागे झेंडा घेऊन थोरला.

बाबांनी खिशातून लाल पट्टी काढली आणि सरळ धाकटीपुढे धरली.

'झेंडा मी आणलाय,' हे शब्द थोरल्याच्या अगदी ओठांवर आले होते.

भर उन्हात, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या लेकीच्या तोंडाकडे पाहत बाबा हसले.

"घे, थोरल्या. तुझ्यासाठीच ठेवली होती. आज सगळ्या मैदानात एक तूच दिसलास मला."