योजनेतला कान

“उजवा कान पुढे करा, आजोबा,” हॉस्पिटलच्या कान-तपासणी विभागातल्या मॅडम म्हणाल्या. आजोबा ढिम्म हलले नाहीत, कारण त्यांना ऐकूच आलं नव्हतं. उत्तर शेजारी बसलेल्या आजींनी दिलं.

“उजवा नको. डाव्याला लावा.”

मॅडमच्या हातात वाटाण्याएवढं श्रवणयंत्र होतं, सरकारी विमा योजनेतून मंजूर होऊन आलेलं. योजनेत माणशी एकच यंत्र मिळतं. माणसाला कान दोन असतात, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या कानावर कुणी घातली नसावी.

“डाव्याला नाही देता येत, आजी. तपासणीत उजवा जरा बरा निघाला. जो बरा, त्यालाच यंत्र, असा नियम आहे.”

“कमाल आहे. माझ्या डोळ्यांच्या वेळी म्हणाले, जो जास्त वाईट त्याचं ऑपरेशन. उजवा केला. डाव्याचं विचारलं, तर म्हणे तो अजून पुरेसा वाईट झालेला नाही. तेव्हापासून मी तो बिघडायची वाट बघतेय.”

“डोळ्यांचा विभाग वेगळा आहे.”

“असणारच. माणूस तरी कुठे एक आहे!”

आजी उठल्या. नुसतं बोलून या बाईला कळायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. आजोबांना दंडाला धरून त्यांनी उभं केलं आणि खोलीतल्या खोलीत दोघं चालू लागले.

“हे बघा. मी ह्यांच्या डावीकडे. म्हणजे हे माझ्या उजवीकडे, चांगल्या डोळ्याच्या बाजूला. मला हे दिसतात. पण माझं बोलणं ह्यांच्या डाव्या कानावर येतं, आणि तिथे तुम्ही काही बसवणार नाही.” मग त्या वळसा घालून पलीकडे गेल्या. “आता मी उजवीकडे. ह्यांना ऐकू येईल. पण मला हे दिसत नाहीत, नुसतं धुकं. मान वळवत चालले तर पडेन कुठेतरी.”

“दिसायला कशाला हवेत?” मॅडम हसल्या. “बोलतील की.”

“हे? हे भुवयांनी बोलतात. ‘हो’ असेल तर एक भुवई वर, ‘नाही’ असेल तर दोन्ही. तोंड उघडतं ते जेवायला.”

आजोबांना यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण विषय आपलाच आहे हे ओळखून त्यांनी दोन्ही भुवया वर केल्या.

“घरी समोरासमोर बसून बोला ना,” मॅडम म्हणाल्या.

“घरी मुलगा, सून, नातवंडं, टीव्ही. आमचं बोलणं व्हायचं ते संध्याकाळी फिरायला गेल्यावर. मी बोलायची, हे भुवया उडवायचे. ह्यांना ऐकू येईनासं झालं आणि मी गप्प झाले. रस्त्यात ओरडून माणूस काय सांगणार? गाडी आली, बाजूला व्हा. तेवढंच सांगते. बाकीचं सगळं राहून गेलंय हो.”

मॅडमनी खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली आणि ‘उजवा’ खोडून ‘डावा’ टाकलं. पडद्यावर नामंजुरीची लाल पट्टी आली. ती येणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी पुन्हा एकदा टाकून पाहिलं.

योजना नव्हती तेव्हा त्या प्रत्येकाला सांगायच्या की दोन्ही कानांना यंत्र लागेल. तेव्हा बहुतेकांना एकही परवडत नसे, आणि लोक मान डोलावून रिकाम्या कानांनी घरी जात. आता निदान एक तरी मिळतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण मिळणारच नाही त्याचा विषय कशाला काढा, म्हणून ‘दोन्ही’ हा शब्द त्यांच्या बोलण्यातून गेला होता. हळूहळू त्यांना स्वतःलाही एक कान पुरेसा वाटायला लागला होता.

“तुम्हाला काय वाटतं?” आजींनी विचारलं. “योजनेला नव्हे, तुम्हाला.”

“दोन हवीत,” मॅडम म्हणाल्या. दार उघडं होतं, म्हणून हळू म्हणाल्या.

“मग ठीक आहे,” आजी म्हणाल्या. हवी होती ती वस्तू मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “लावा उजव्याला.”

मॅडमनी यंत्र उजव्या कानात बसवलं, चालू केलं आणि आवाज जुळवला. आजी आजोबांच्या उजव्या खांद्याशी उभ्या राहिल्या, समोर भिंतीकडे बघत, रस्त्याने चालल्यासारख्या.

“अहो,” त्या म्हणाल्या. नेहमीच्या आवाजात.

आजोबा दचकले. मग त्यांची एक भुवई सावकाश वर गेली.

“उचलली का?” आजींनी मॅडमना विचारलं.

“उचलली.”

पुढच्या पेशंटला आत बोलवायला मॅडम उठल्या, तेव्हा खिडकीतून त्यांना समोरचा बसथांबा दिसला. तिथल्या बाकाला पाठ नव्हती. आजोबा रस्त्याकडे तोंड करून बसले होते. आजी त्यांच्या उजवीकडे, पण उलट्या, मागच्या भिंतीकडे तोंड करून. उजव्या खांद्याला उजवा खांदा लागला होता. येणारे-जाणारे वळून बघत होते. आजी बोलत होत्या, हातवारे करून, थांबायचं नाव नाही. आजोबांच्या भुवया एकसारख्या वर-खाली होत होत्या.

बस आली. आजोबांना ती समोरच दिसली. त्यांनी हात केला नाही. आजींचं बोलणं अजून संपलं नव्हतं.