दहा पावलांवरचं संत्रं

"खाली ठेवा त्याला. दहा पावलं चालायचं, ते संत्रं उचलायचं, परत यायचं," जयश्री मॅडम म्हणाल्या.

शहाऐंशी सालच्या सुदृढ बालक स्पर्धेची पहिली फेरी तिगावच्या शाळेत चालली होती. वजन आणि चालणं, दोन्ही मॅडमच बघत होत्या. डॉक्टर फक्त पांढुर्ण्याच्या शेवटच्या फेरीला येणार होते. पहिल्या आलेल्या बाळाला वर्षभर दर महिन्याला दूधपावडरचा डबा मिळणार होता.

त्या डब्यासाठी देवकाबाई शेतातल्या निंदणाची मजुरी बुडवून आली होती. तिनं कडेवरच्या गुणवंताला खाली ठेवलं. दोन वर्षांचं पोर ठेवलं तिथंच बसून राहिलं. गाल फुगलेले, पोट टरारलेलं, पायांची कातडी ताणून चकाकणारी. घोट्यावरचा काळा दोरा मांसात रुतला होता. त्यानं संत्र्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मॅडम शाळेत खेळ शिकवायच्या. अशा बदबदीत पोरांची त्यांना मनापासून किळस यायची. आया ठोसतात आणि पोरं गोणीसारखी पडून राहतात, हे त्यांचं ठाम मत. काटकुळी पोरं तुरुतुरु संत्रं घेऊन येत होती, आणि हा ढिम्म.

"काय काय चारता याला?"

"पेज देऊन राहिली जी. दुसरं काई नाई."

"पेजेनं असं अंग सुटतं होय?"

देवकाबाई लाजून हसली. "पयले लय रोड होता जी. या महिन्यातच भरला. मले बी बरं वाटलं."

मॅडमनी काट्यावरचा आकडा लिहिला.

"वजन भरपूर आहे, पण पाऊल टाकत नाही. आजपासून याचं खाणं निम्मं करा. अंग हलकं झालं की आपोआप चालेल. पंधरा दिवसांनी पांढुर्ण्याला आणा. चालला तर डब्याचं बघू."

"बरं जी," देवकाबाई म्हणाली. तिनं ते दोनदा पुटपुटून पाठ केलं.

पंधरा दिवसांनी ती पॅसेंजरनं पांढुर्ण्याला आली. गुणवंता आता बसतही नव्हता. काट्यावर अर्धा किलो वाढला होता. डोळे गालांत बुडाले होते.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निम्मं करायला सांगितलं होतं ना?"

"केलं जी."

"खोटं बोलायलाही काही हद्द असते, बाई. पोराचा पार लोळागोळा करून ठेवलाय तुम्ही. शी!" त्यांनी यादीतलं नाव खोडलं आणि हात रुमालाला पुसले.

मांडून ठेवलेल्या डब्यांकडं बघत देवकाबाई पोराला घेऊन कोपऱ्यात बसली.

उशिरा पोचलेले डॉक्टर टेबलाकडं येताना तिच्यापाशी थबकले. खाली वाकून त्यांनी गुणवंताच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"मॅडम, हे बाळसं नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "उपासमारीची सूज आहे." मग देवकाबाईकडं वळले. "काय खायला देता याला?"

देवकाबाईनं आधी भीतभीत मॅडमकडं पाहिलं.

"पयले वाटीभर पेज देत होती जी. मॅडमनं सांगतलं तवापासून अर्धीच देतो."