पुढच्या फळीवरची बडबड

"बाई, तुम्ही मागे या, सुकाणू धरा. आजोबा, तुम्ही पुढे बसा. पलीकडचा धक्का येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही," लाँचच्या परवान्याच्या तपासणीसाठी आलेले साहेब म्हणाले.

सुनेला वाटलं, पकडले गेलो!

सासऱ्यांची नजर गेल्याचा दोन वर्षांत कोणाला पत्ता लागला नव्हता. लाँच ते चालवत आणि ती पुढच्या फळीवर बसून अखंड बडबड करी. "मामंजी, उजवीकडे बगळे बसलेत," म्हणजे खडक उघडा पडलाय. "काकूंनी धुणं वाळत घातलंय," म्हणजे डावीकडे घ्या. उतारू म्हणत, सून आहे की रेडिओ!

तशी ती डोंगरातली. खाडीचं पाणी पाहूनच तिला घेरी यायची. नवरा जहाजावर नोकरीला गेला तेव्हा सासरे म्हणाले होते, "लाँच शिकून घे."

"जीव गेला तरी नाही," ती म्हणाली होती.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. मग करते काय? खाडीकाठच्या चार वस्त्यांची शाळा, दवाखाना, बाजार सगळं या एका लाँचवर. परवाना गेला की लाँच बंद आणि घरची चूलही. महिन्यापूर्वी मामंजींनी अर्ज पुढे केला, रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे सही कर, साक्षीदार लागतो." तिने कणकेच्या हातानेच सही ठोकली होती.

आता ती काही बोलणार, तोवर मामंजी दोराचं वेटोळं ओलांडून पुढे जाऊन बसलेसुद्धा.

तिने सुकाणू धरलं. जुळे भाऊ आले, त्या दोन खडकांमधून जेमतेम लाँच जाते. तिने मनातल्या मनात बडबड सुरू केली आणि हात आपोआप वळले. लाँच अलगद पार झाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढे खाडी रुंद झाली.

"सरळ घ्या की, पाणी मोकळं आहे," साहेब म्हणाले.

"नको साहेब. इथे जावई असतो."

"कोण?"

"खडक. ओहोटीला रुसून वर बसतो, भरतीला दिसत नाही. पण चुकून धक्का लागला तर सगळं घर बुडवतो."

साहेब खो खो हसले. तिने ऐटीत वळसा घेतला. भीती कुठल्या कुठे पळाली होती. लाँच धक्क्याला अशी लागली की साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला नाही.

"उत्तम. पाच वर्षं काळजी नाही." त्यांनी शिक्का मारून कागद तिच्या हातात दिला आणि ते पायऱ्या चढून गेले.

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "मामंजी, वाचलो! तुमचा परवाना राहिला! थांबा, वाचून दाखवते. मेली अक्षरं मुंगीएवढी आहेत."

"आण इकडे."

मामंजींनी कागद हातभर लांब धरला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि कपाळाला आठी घातली.

"छे! तुझ्या नावातली वेलांटी चुकवलीय बघ यांनी."