मास्तरांची बायको

"आन् इनोदिनी कशी हाय?" भामाबाईंनी विचारलं.

चिंतामण चहा गाळत होता. गाळणं कपावर तसंच धरून तो थांबला.

"कोण?"

"आवं, कोन काय? तुमची बायको! साताऱ्याला नर्स हाय न्हवं?"

चिंतामणचं लग्न झालेलं नव्हतं. पस्तिशी उलटली तरी नाही. सांगलीतल्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा आणि खणभागातल्या या दोन खोल्यांत, साखर कारखान्यात फिटर असलेल्या धनाजीबरोबर राहायचा. जगाला सांगायला रूम पार्टनर. भामाबाई या धनाजीच्या आई, जतकडच्या. सकाळच्या एसटीनं न कळवता आल्या होत्या, आणि धनाजी नेमका पहिल्या पाळीला गेलेला.

म्हणजे ही विनोदिनी धनाजीनंच आणलेली. लग्न झालेल्या माणसाबरोबर पोरगं राहतंय म्हटल्यावर आई कशाला शंका घेईल? नाव मात्र झोकात शोधलं होतं गड्यानं.

"बरी आहे," म्हणत चिंतामणनं कप पुढे ठेवला. खरं तर घाबरायला हवं होतं. पण त्याला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. स्वतःच्या बायकोविषयी तो पहिल्यांदाच ऐकत होता. "धनाजी काय काय सांगतो तिच्याबद्दल?"

"लय सांगतो. सुट्टीला हितं आली की तिला तिकाट सोसत न्हाई म्हनून तुमी कालवन दोनदा करता. आमच्या धनाजीचं बी तसंच हाय म्हना. रातपाळी करून आली की तिचं पाय चेपून देता. आन् झोपेतनं उठीवलं की भांडती म्हनं."

"भांडते," चिंतामण म्हणाला. सगळं खरं होतं, सातारा आणि नर्सपण सोडलं तर. त्यानं जरा थांबून विचारलं, "आणि... खूश आहे का ती?"

"तुमची बायको आन् मला इचारता?" भामाबाई हसल्या. बशीत चहा ओतून त्यावर फुंकर घातली. "खूश हाय. म्हनती, ह्या मानसाबिगर करमत न्हाई. म्हायेराला गेली तरी दोन दिसांत परत पळती म्हनं."

इतक्या वर्षांत धनाजीनं तोंडावर 'आमटी बरी झालीय' एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. चिंतामण उठला, उगाच खिडकी लावली, परत उघडली.

"आता माझ्या कामाचं," भामाबाई म्हणाल्या. "कडेगावच्या पावन्यांना आज सांजच्याला उत्तर द्यायचं हाय. पोरगी चांगली हाय. महिना झाला, धनाजी व्हय म्हनंना आन् न्हाई बी म्हनंना. तुमाला बोलला असंलच."

धनाजी बोलला नव्हता. मधे दोन रविवार तो मित्राचं पाण्याचं इंजिन दुरुस्त करायला कडेगावला गेला होता. इंजिन कसलं होतं ते चिंतामणला आत्ता कळलं.

"तुमी संसारी मानूस. तुमचं ऐकतो त्यो. तुमी एकदा व्हय म्हना, मी फोनवर व्हय सांगून मोकळी हुती. आईनं शबुद दिला की मग त्यो काय मोडायचा न्हाई."

"जरा विचार करतो, मावशी."

"करा की. तवर इनोदिनीच्या हाताचं माप सांगा. बाजारात जाती, तर तिला बांगड्या घेती."

बांगड्यांचं माप कसं सांगतात हे चिंतामणला ठाऊक नव्हतं, आणि डोक्यात कडेगाव घुमत होतं. त्यानं अंगठा आणि मधलं बोट वाकवून हवेतच कडं केलं. त्याच्या बोटांना एकच मनगट माहीत होतं. त्यांनी ते बरोबर धरलं. टोकं काही एकमेकांना टेकली नाहीत.

"अगं बया! नर्स हाय का उसाच्या मोळ्या उचलती?" भामाबाईंनी गमतीनं आपला हात त्या कड्यात घातला. मनगट आत खुळखुळलं. त्या हसत होत्या. मग हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी हात बाहेर काढला आणि त्या बोटांकडे बघत राहिल्या.

"हितं, भाईरच्या अंगाला," त्यांनी विचारलं, "हाड जरा वर आल्यालं हाय का?"

"हो, डाव्या हाताचं," चिंतामण म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"मेंढरामागं पळताना पडला हुता," भामाबाई म्हणाल्या. "लय ल्हान हुता तवा."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही केल्या सुरू होत नव्हती. चिंतामणला हात खाली घ्यायचंही सुचत नव्हतं. शेवटी भामाबाईंनीच तो धरून खाली केला.

"मला ह्यातलं कळत न्हाई," त्या म्हणाल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "कालवन खरंच दोनदा करतोस?"

"हो."

"कट्टाळा येत न्हाई?"

"येतो."

भामाबाईंनी मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"चल, त्या कोपऱ्यावरच्या बूथवरनं कडेगावला फोन लावून दे. मला ते आकडं दाबाया येत न्हाईत."

चिंतामण चपला शोधायला लागला. त्याची एक आणि धनाजीची एक अशा पायात सरकवून तसाच दारात उभा राहिला. "काय सांगणार?"

"काय सांगायचं? पोरगं आदीच दिल्यालं हाय म्हनीन."

"मावशी... पण कुठं दिलंय, असं विचारलं तर?"

भामाबाई भिंतीला धरून जिना उतरायला लागल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"सांगलीत म्हनीन. तू नुसता नंबर लाव."