जुनी जखम

"घरात करवत आहे ना?" बागेतून परतलेल्या बाईंनी हातमोजे काढत विचारलं.

द्राक्षवेलींच्या रोगांवर काम करणाऱ्या या बाईंना सगळे बागवाले करवतबाईच म्हणायचे. पानं बघून त्या कधी निकाल देत नसत. खोड कापून आत डोकावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे, आणि तोवर घरच्यांचा जीव टांगणीला.

सकाळभर त्या ओळीओळीनं फिरल्या होत्या, गोदामामागचा तुकडा तेवढा सोडून. जिथं पानं खुरटी, पिवळी, वाटीसारखी आत वळलेली दिसली, त्या वेलीला त्यांनी लाल फीत बांधली होती. फिती सगळ्या दोनच ओळींत निघाल्या. सुनेच्या ओळींत.

बाग सगळी एकाच वेळी लावलेली. छाटणीच्या ओळी मात्र वाटून घेतलेल्या. ज्याची ओळ त्याची कात्री, दुसऱ्यानं तिथं हात घालायचा नाही, अशी घरची शिस्त. सून लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी तिला कडेच्या दोन ओळी दिल्या होत्या. उरलेली बाग, गोदामामागच्या तुकड्यासकट, त्यांची स्वतःची.

"बुरशी घावातून शिरते," करवतबाई सांगू लागल्या. "छाटताना वेल ओली असेल आणि घावाला बुरशीनाशकाची पेस्ट लावली नसेल, तर तिला दार उघडंच. मग ती आत बसून वर्षानुवर्षं लाकूड खाते. आपल्याला कळतं फार उशिरा."

तो पहिला हिवाळा सुनेला लख्ख आठवत होता. सासरे तापानं फणफणून बागेकडच्या खिडकीशी पडून होते, नवरा माल घेऊन बाहेरगावी गेलेला. पाऊस भुरभुरत होता. आणि हिनं, आपणही काही कमी नाही हे दाखवायच्या हौसेनं, दोन्ही ओळी त्या पावसातच छाटून टाकल्या होत्या. पेस्टचा डबा रिकामा होता, नवा आला तो आठवड्यानं. हे तिनं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," सासूबाईंनी संधी साधली. "कात्री काय कुणाच्याही हातात द्यायची वस्तू आहे?"

नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून छाटणी बाहेरच्या टोळीला देऊन टाकू. घरातल्या कुणी कात्री धरायलाच नको."

कुणी म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं. स्वयंपाकघर सासूबाईंचं होतं, व्यवहार नवऱ्याचा. या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर त्या दोन ओळी. त्याही आता जाणार होत्या.

करवतबाईंनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "आधीच कुणाला सुळावर चढवू नका. फीत बांधलेल्यांपैकी एक वेल कापा. जमिनीवर वीतभर ठेवा आणि वरचं खोड इथं आणा. तोवर मी ही पानं बघते."

"मी आणतो," म्हणत नवरा उठला.

"तू बस. चार ठिकाणी चिरून आणशील," सासरे खेकसले. "बाग माझी आहे, मीच कापणार. इतकी वर्षं कात्री चालवली, माझ्या हातची एक वेल कधी वाळली नाही. आता म्हातारपणी हे बघायचं राहिलं होतं."

सुनेला मान वर करवेना.

सासऱ्यांना बराच वेळ लागला. आले ते धापा टाकत, खांद्यावर खोड घेऊन, गोदामाच्या मागच्या बाजूनं.

"गुडघे दुखतात ना? मग हा एवढा वळसा कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"हवा खायला," सासरे म्हणाले आणि खोड टेबलावर आदळलं.

करवतबाईंनी ते आडवं कापलं. आतलं लाकूड एका बाजूला काळं पडलं होतं. जुन्या घावापासून सुरू होऊन तो डाग थेट गाभ्यात घुसला होता. बाईंनी भिंगाखाली पुन्हा पुन्हा वर्तुळं मोजली.

"घावाच्या कडेनं किती नवं लाकूड चढलंय बघा. दहा वर्षांपूर्वीचा तरी हा घाव आहे. सूनबाई घरात कधी आल्या?"

"चार वर्षं झाली," नवरा म्हणाला.

"मग त्यांचा काय संबंध? दहा वर्षांपूर्वी छाटणी कोण करत होतं?"

सासऱ्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"मीच. दुसरं कोण असणार? पावसात घाई केली असेल कधीतरी."

"अगं बाई! आणि आम्ही इतकी वर्षं तुमच्या बढाया ऐकून घेतल्या?" सासूबाईंना हसू आवरेना. नवराही हसला, पण जरा ओशाळून.

सुनेच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती उगाचच कप गोळा करू लागली.

"बाग उपटायचं कारण नाही," करवतबाईंनी सामान आवरायला घेतलं. "कोरड्या दिवशी प्रत्येक आजारी वेल काळ्या लाकडाच्या खाली कापा आणि लगेच पेस्ट लावा. खालून नवी फूट येईल, ती वर चढवा. दोन-तीन वर्षांत वेल पुन्हा उभी राहील."

"ऐकलंस ना?" सासरे मुलाकडे वळले. "टोळीबिळी काही नको. त्या ओळी सूनबाईच्या आहेत, नवी फूटही तीच चढवेल."

बाई गेल्या. सुनेनं कोपऱ्यातला पेस्टचा डबा उचलला.

"बाबा, कापलेल्या वेलीला पेस्ट लावून येते."

"लावली मी," सासरे घाईघाईनं म्हणाले. "तू बस. चहा घे जरा."

"असू दे. अजून एक हात मारते."

ती जवळजवळ धावतच निघाली. किती दिवसांनी पाय इतके हलके वाटत होते! आपल्या पहिल्या ओळीत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग दुसरीत. डबा खाली ठेवून ती पुन्हा सुरुवातीला आली आणि या वेळी एकेका फितीपाशी थांबून, वाकून बघत गेली.

दोन्ही ओळींतली एकही वेल कापलेली नव्हती.