बंदीचं पाणी

"कृत्रिम प्रवाळाभोवती होडी नेणं हा गुन्हा आहे," मत्स्य खात्याच्या साहेबांनी हरेश्वर तांडेलांना प्रेमाने समजावलं.

तांडेल चिंब भिजलेल्या कपड्यांनिशी समोर उभे होते. मासळी परत यावी म्हणून समुद्रात कृत्रिम प्रवाळाचे काँक्रीटचे सांगाडे सोडा, ही मागणी त्यांनीच लावून धरली होती. सांगाडे आले, मासळी आली, पाठोपाठ कायदाही आला. आज सकाळी तिथे परका ट्रॉलर जाळं ओढताना दिसला, तेव्हा तांडेल होडी आडवी घालून त्याला भिडले आणि गस्तीच्या बोटीने तांडेलांनाच उचललं.

"आणि तो ट्रॉलर?"

"तो आम्हाला पाहून लगेच निघून गेला. कायदा मानतो बिचारा! तुम्हीही पुन्हा जाणार नाही असं लिहून द्या, सोडतो."

"पुन्हा ट्रॉलर आला तर?"

"आम्हाला कळवा. कार्यालयीन वेळेत."

इतका वेळ गिळलेला संताप आता तांडेलांच्या ओठांवर येणार, तोच खिडकीबाहेर गलका झाला. गावातल्या झाडून सगळ्या होड्या त्याच बंदीच्या पाण्याकडे निघाल्या होत्या. पहिल्या होडीचं सुकाणू तांडेलांच्या बायकोच्या हातात होतं.

संताप कुठल्या कुठे पळाला. तांडेल अदबीने म्हणाले, "साहेब, एवढ्या गुन्हेगारांना ठेवणार कुठे?"